युद्धकाळातलं राष्ट्राध्यक्षांचं बोलणं: मराठी बातमी करायला मुलांना कसं शिकवायचं?

धंतोलीकर

मंडळी, मदत हवी आहे. नागपुरात पत्रकारिता शिकणाऱ्या २५ मुलांसाठी दोन तासांचा सराव बसवतोय. युद्ध चालू असताना अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष बोलले, तर ४० मिनिटांत त्याची ३५० शब्दांची मराठी बातमी करायची. उरलेला वेळ चर्चेला. इंग्रजी मुलांना बरं समजतं. पण भाषण हातात पडलं की त्यातलं सगळ्यात दणदणीत वाक्य मथळ्यात जातं आणि खाली राहिलेल्या भाषणाचा गोषवारा. झालं काय, कधी झालं, कोणत्या अधिकाराखाली झालं, यातलं काही सापडत नाही.

विचारायचं ते असं. कोणता जुना प्रसंग घ्यावा? चालू घडामोड नको, मुलं पहिल्या मिनिटाला बाजू घेऊन मोकळी होतात. मजकूर हातात आला की आधी काय तपासायला सांगावं? आणि सत्ता व वृत्तपत्रं यांच्यातला ताण शिकवताना "सरकार दडपतं, पत्रकार लढतात" याच्या पुढे कसं जावं? आपल्या कायद्याशी सांधा जुळवता आला तर फारच बरं.

बर्डीचा_वाचक

धंतोलीकर सर, भाषण घेऊच नका. पत्रकार परिषद घ्या, ३० नोव्हेंबर १९५० ची, हॅरी ट्रूमन यांची. लिहिलेलं भाषण दहा हातांखालून गेलेलं असतं. प्रश्नोत्तरांत शब्द निसटतो, आणि निसटलेला शब्द सावरताना सरकार काय काय करतं ते इथे एकाच दिवसात दिसतं.

पार्श्वभूमी मुलांना पाच ओळींत द्या. कोरियातलं युद्ध जूनमध्ये सुरू झालेलं. नोव्हेंबरच्या शेवटी चिनी फौजा मोठ्या संख्येने उतरल्या आणि तिथले सेनापती मॅकआर्थर यांचं सैन्य मागे हटायला लागलं. ट्रूमन यांनी आधी निवेदन वाचलं. गडबड झाली ती त्यानंतर. लष्करी परिस्थितीला तोंड द्यायला लागतील ती पावलं उचलू, असं ते म्हणाले. वार्ताहराने विचारलं, त्यात अणुबाँब आला का? उत्तर आलं, आमच्याकडचं प्रत्येक शस्त्र त्यात आलं. पुढचा प्रश्न: म्हणजे अणुबाँबच्या वापराचा सक्रिय विचार चालू आहे का? ट्रूमन म्हणाले की तसा विचार नेहमीच होत आला आहे, पण ते वापरलं जावं अशी माझी इच्छा नाही. आणखी खोदून विचारल्यावर ते बोलून गेले की शस्त्रांचा वापर रणभूमीवरच्या सेनापतीच्या हाती असतो, नेहमीसारखाच.

हे शेवटचं वाक्य सगळ्यात घातक होतं. १९४६ च्या अमेरिकी अणुऊर्जा कायद्याप्रमाणे तो निर्णय फक्त राष्ट्राध्यक्षांचा. ट्रूमन यांच्या वाक्यातून मात्र अर्थ निघाला की बाँब मॅकआर्थर यांच्या हाती आहे. त्याच दिवशी व्हाइट हाउसला खुलासा काढावा लागला: परवानगी फक्त राष्ट्राध्यक्ष देऊ शकतात आणि अशी कोणतीही परवानगी दिलेली नाही. तोवर तारा जगभर गेल्या होत्या. ब्रिटनचे पंतप्रधान ॲटली तातडीने निघाले आणि ४ डिसेंबरला वॉशिंग्टनला पोहोचले.

सरावात मजकूर तीन कागदांवर द्या. पहिल्यावर निवेदन आणि प्रश्नोत्तरं. विसाव्या मिनिटाला दुसरा कागद, व्हाइट हाउसचा खुलासा. पस्तिसाव्या मिनिटाला तिसरा, ॲटली येणार असल्याची बातमी. (प्रत्यक्षात हे सगळं काही तासांत घडलं, ते मुलांना सांगा.) दुसरा कागद आल्यावर निम्मी मुलं खुलासा शेवटच्या परिच्छेदात चिकटवतील. ती चूक होऊ द्या, मग फळ्यावर घ्या. खुलाशाने आधीच्या विधानाचा अर्थ बदलत असेल तर तो इंट्रोतच, म्हणजे बातमीच्या पहिल्या परिच्छेदातच, यायला हवा. पण मूळ विधान गाळायचंही नाही, कारण ते बोललं गेलं, ॲटली यांचं येणं त्याच विधानामुळे आहे. दोन्ही एकाच वाक्यात बसवायला शिकवणं हाच या सरावाचा गाभा.

दुसरी गोष्ट शब्दाच्या मालकीची. "सक्रिय विचार" हे शब्द वार्ताहराचे, ट्रूमन यांनी उत्तरात ते उचलले. त्याच वर्षी २९ जूनला त्यांनी "आपण युद्धात नाही" म्हटलं. मग एका वार्ताहराने विचारलं की ही संयुक्त राष्ट्रांच्या छत्राखालची पोलीस कारवाई म्हणायची का? ट्रूमन यांनी होकार दिला आणि तो शब्द कायमचा त्यांच्या नावावर लागला. तेव्हा मथळ्यात अवतरणचिन्हं टाकण्यापूर्वी शब्द मुळात प्रश्नातला की उत्तरातला ते बघायचंच. त्या काळी तर राष्ट्राध्यक्षांचे पत्रकार परिषदेतले शब्द परवानगीशिवाय अवतरणात छापताही येत नसत, अप्रत्यक्ष कथनात द्यावे लागत.

आपल्या मुलांना हा मुद्दा पटकन कळेल. १९४८ च्या सप्टेंबरात हैदराबाद संस्थानात भारतीय लष्कर शिरलं, रणगाडे होते, विमानं होती, आणि मराठवाड्यात आजही त्याला "पोलीस ॲक्शन" म्हणतात.

शेवटची_आवृत्ती

वरचा प्रसंग उत्तम. मी डेस्कच्या बाजूने भर घालतो, कारण चुका बहुतेक तिथेच होतात.

घड्याळ आधी. वॉशिंग्टन उन्हाळ्यात आपल्यापेक्षा साडेनऊ तास मागे असतं, हिवाळ्यात साडेदहा. तिथल्या रात्री नऊचं भाषण नागपुरात दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसहाला किंवा साडेसातला ऐकू येतं. अंक तोवर घरोघर पडलेला असतो. म्हणजे छापील बातमी जवळजवळ २० तासांनी जाणार, आणि ती "काय म्हणाले" एवढीच राहिली तर शिळी. दुपारी बाराचं भाषण मात्र इथे रात्री साडेनऊ किंवा साडेदहाला येतं, तेव्हा बाहेरगावी जाणाऱ्या डाक आवृत्तीला चार ओळी आणि शहर आवृत्तीला पूर्ण बातमी असा हिशेब करावा लागतो. "मंगळवारी रात्री" लिहिलं तर ती कुठली रात्र, हे ठरवूनच लिहायचं. राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन व्हिएतनामजवळच्या टोंकिनच्या आखातात अमेरिकी जहाजांवर हल्ला झाल्याचं सांगायला बोलले ते ४ ऑगस्ट १९६४ ला, रात्री ११ वाजून ३६ मिनिटांनी. आपल्याकडे तेव्हा ५ तारखेचे सकाळचे नऊ वाजून गेले होते. ज्या समुद्रात घटना घडली म्हणून सांगितलं तिथेही ५ तारीख उजाडून बरेच तास झाले होते. एका घटनेला तीन घड्याळं.

आता शब्द. सगळ्यात मोठा घोळ "कॅज्युअल्टी"चा. लष्करी भाषेत त्यात मृत, जखमी, बेपत्ता आणि पकडले गेलेले असे सगळे धरतात. मराठीत तो सर्रास "बळी" किंवा "जीवितहानी" होऊन बसतो आणि मृतांचा आकडा एका फटक्यात कितीतरी पटीने वाढतो. इंग्रजीत मृतांचा वेगळा आकडा दिला नसेल तर "मृत व जखमी मिळून" लिहायचं. बिलियन म्हणजे १०० कोटी, म्हणजे एक अब्ज. ट्रिलियन म्हणजे एक लाख कोटी. सागरी मैल १.८५२ किलोमीटरचा, साधा मैल नव्हे. "सेक्रेटरी ऑफ स्टेट" हे परराष्ट्रमंत्री, सचिव नव्हेत. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष आणि भारताचे राष्ट्रपती, हा भेदही पाळायचा, कारण दोघांचे अधिकार वेगळे.

भाषणाच्या प्रती दोन असतात. आधी वाटतात ती "वाचण्यासाठी तयार केलेली", नंतर मिळते ती "प्रत्यक्ष बोललेली". पहिलीवरून बातमी लावली असेल तर दुसरीशी ताडून बघितल्याशिवाय अवतरण ठेवू नये. शब्द शेवटच्या क्षणापर्यंत बदलतात. पर्ल हार्बरवरच्या जपानी हल्ल्याच्या दुसऱ्या दिवशी, ८ डिसेंबर १९४१ ला, राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी केलेल्या भाषणाच्या टंकलिखित मसुद्यात "जागतिक इतिहासात राहील अशी तारीख" होतं. त्यांनी ते स्वतःच्या हाताने खोडून "कलंक म्हणून राहील" अशा अर्थाचा शब्द घातला. तो दिवस लोकांच्या लक्षात राहिला तो या एका दुरुस्तीमुळे.

विशेषणांना हात लावू नका. मुलांना क्रियापदं अधोरेखित करायला सांगा, तीन रंगांत. झालं ते एका रंगात, चालू आहे ते दुसऱ्या, करणार आहोत ते तिसऱ्या. "शत्रूला धडा शिकवला जाईल" आणि "हल्ला करण्यात आला" ही वेगळ्या रंगांची वाक्यं आहेत, पण घाईत मथळ्यात एक होतात. आणि "करण्यात आला" असं कर्मणी वाक्य दिसलं की कागदाच्या कडेच्या समासात लिहायचं: कोणी केला?

विदर्भवीर

हे सगळं ठीक आहे भाऊ. पण मुलांना हेही सांगा ना की व्हिएतनाममध्ये अमेरिका हरली ती वार्ताहरांच्यापायी. टीव्हीने घरात प्रेतं दाखवली, लोकांचा धीर सुटला. टीव्हीवर बातम्या देणाऱ्या क्रॉनकाइटने एक कार्यक्रम केला आणि जॉन्सन निवडणुकीतून बाजूला झाले. सैन्य लढून राहिलं आणि पेपरवाले पाय ओढून राहिले, असं होऊ नये ही अपेक्षा चूक आहे काय?

बर्डीचा_वाचक

विदर्भवीर भाऊ, अपेक्षा चूक नाही, पण तारखांचा क्रम तपासून पाहा. टेट आक्रमण (व्हिएतनामी नववर्षाच्या वेळी कम्युनिस्ट फौजांनी केलेले हल्ले) सुरू झालं जानेवारी १९६८ च्या अखेरीस. क्रॉनकाइट यांचा कार्यक्रम २७ फेब्रुवारीचा. जॉन्सन यांची माघार ३१ मार्चची. पण गॅलप या संस्थेच्या जनमत पाहणीत सैन्य पाठवणं ही चूक होती असं म्हणणारे ४७ टक्के आणि तसं न मानणारे ४४ टक्के, हा पालट ऑक्टोबर १९६७ मध्येच झाला होता. त्या कार्यक्रमाच्या चार महिने आधी. अमेरिकी लष्कराच्या स्वतःच्या इतिहास विभागासाठी विल्यम हॅमंड यांनी या प्रश्नाचा सविस्तर अभ्यास केला. त्यांचाही निष्कर्ष हाच की लोकमत वळलं ते मुख्यतः वाढत्या सैनिकहानीमुळे.

मग विश्वास तुटला कशाने? शब्द आणि वस्तुस्थिती यांच्यातलं अंतर वाढत गेलं, त्याने. नोव्हेंबर १९६७ मध्ये जनरल वेस्टमोरलंड यांना वॉशिंग्टनला आणून प्रेस क्लबात बोलायला लावलं. शेवट दिसू लागला आहे, असा त्यांचा सूर होता. दहा आठवड्यांनी टेट झालं. लष्करी हिशेबात टेटमध्ये हल्लेखोरांचंच नुकसान जास्त झालं, हे खरं. पण शेवट दिसतोय असं ऐकलेल्या माणसाला सायगावच्या अमेरिकी वकिलातीच्या आवारातली लढाई दिसली. आधीचं भाषण नसतं तर त्याच चित्रांचा परिणाम एवढा झाला नसता.

टोंकिनचंही तसंच. २ ऑगस्ट १९६४ चा हल्ला खरा होता. ४ तारखेचा "दुसरा हल्ला" मुळात झालाच नाही असं आज मानलं जातं. त्याच दिवशी जहाजांवरचे कॅप्टन हेरिक यांनी तार केली होती: खराब हवामान आणि सोनारवर (पाण्याखालचे आवाज टिपणाऱ्या यंत्रावर) बसलेल्यांचा उतावीळपणा यामुळे नोंदी शंकास्पद वाटतात, पुढे काही करण्यापूर्वी पूर्ण छाननी करा. तरी जॉन्सन बोलले आणि ७ ऑगस्टला त्यांना लष्करी कारवाईचा अधिकार देणारा ठराव झाला, प्रतिनिधिगृहात ४१६ विरुद्ध शून्य, सिनेटमध्ये ८८ विरुद्ध २. विरोध करणारे दोघे, वेन मोर्स आणि अर्नेस्ट ग्रुएनिंग. त्या आठवड्यात वृत्तपत्रांनी पाय ओढले नाहीत, सरकारी निवेदन जसंच्या तसं छापलं. माझ्या मते मुलांना दाखवायची वृत्तपत्रांची चूक ती ही आहे.

अनुच्छेद_१९

धंतोलीकर सर, कायद्याचा भाग मी घेते.

अमेरिकेने विधिवत युद्ध जाहीर केलं ते शेवटचं जून १९४२ मध्ये, बल्गेरिया, हंगेरी आणि रुमानियाविरुद्ध. त्यानंतरची सगळी युद्धं ठराव, अधिकारपत्रं किंवा राष्ट्राध्यक्षांचा स्वतःचा अधिकार यांवर झाली. म्हणून "अमेरिकेने युद्ध पुकारलं" हे वाक्य बातमीत जवळजवळ नेहमीच चुकीचं ठरतं. १९७३ च्या युद्ध अधिकार ठरावाप्रमाणे सैन्य लढाईत उतरवल्यावर ४८ तासांत काँग्रेसला (अमेरिकी संसदेला) लेखी कळवावं लागतं, आणि मंजुरी नसेल तर ६० दिवसांत थांबावं लागतं. माघारीसाठी आणखी ३० दिवस मिळू शकतात. निक्सन यांचा नकाराधिकार ओलांडून काँग्रेसने तो केला.

इथे भाषांतराची एक बारीक जागा आहे आणि ती फार महत्त्वाची आहे. राष्ट्राध्यक्षांच्या पत्रात "या ठरावाशी सुसंगत राहून" असं लिहिलेलं असतं, "या ठरावानुसार" असं नाही. कारण लढाईत उतरल्याच्या कलमाखाली पत्र दिलं की ६० दिवसांची मोजणी मान्य केल्यासारखं होतं. ते कलम नाव घेऊन वापरलं गेलं ते १९७५ मध्ये, राष्ट्राध्यक्ष फोर्ड यांनी, कंबोडियाने पकडलेल्या मायाग्वेझ जहाजाच्या प्रकरणात. मराठीत आपण सरसकट "ठरावानुसार कळवलं" लिहितो आणि जी गोष्ट राष्ट्राध्यक्षांनी मुद्दाम टाळली तीच त्यांच्या तोंडी घालतो. २०११ मध्ये लिबियावरच्या हल्ल्यांना ६० दिवस उलटल्यावर ओबामा प्रशासनाने मांडलं की हे कायद्याच्या अर्थाने "शत्रुत्वाची लढाई" नाहीच. म्हणजे शब्दाचा अर्थ लावण्यावर पूर्ण मोहीम उभी होती.

ताणाबद्दल. सेन्सॉरशिप, खटले, तुरुंग हे त्याचं ठळक रूप. लिंकन यांनी मे १८६४ मध्ये न्यूयॉर्कची दोन वृत्तपत्रं बंद पाडली, कारण त्यांनी चार लाख माणसांच्या भरतीची घोषणा छापली आणि ती बनावट निघाली. सोन्याच्या भावावर पैसा करायला एका वार्ताहराने ती रचली होती, वृत्तपत्रं फसली होती. काही दिवसांत बंदी उठली. विल्सन यांच्या काळात १९१७ चा हेरगिरी कायदा आला आणि टपाल खात्याने नको ती नियतकालिकं पोचवणंच नाकारलं. टपाल अडलं की नियतकालिक मेलं, संपादकाला हातही लावावा लागत नाही.

पण गेल्या ४० वर्षांत खरा झगडा प्रवेशाचा आहे. ऑक्टोबर १९८३ मध्ये ग्रेनाडावर सैन्य उतरलं तेव्हा पहिले दोन दिवस वार्ताहरांना बेटावर येऊच दिलं नाही. ओरड झाली, समिती बसली, आणि मोजक्या वार्ताहरांनी जाऊन सगळ्यांना मजकूर द्यायचा अशी "पूल" पद्धत आली. १९९१ च्या आखाती युद्धात तीच पद्धत आणि वर लष्करी तपासणी. २००३ मध्ये इराकमध्ये वार्ताहर थेट तुकड्यांसोबत पाठवले. त्यात जवळचं दिसतं, पण एकाच बाजूने दिसतं. म्हणून मुलांना बातमीच्या वर एक ओळ लिहायला लावा: वार्ताहर कुठे होता, कोणासोबत होता, मजकूर कोणी तपासला. छापली नाही तरी डेस्कला ती माहीत हवी.

आपल्याकडचं थोडक्यात. लष्कराचं सर्वोच्च आधिपत्य अनुच्छेद ५३ प्रमाणे राष्ट्रपतींकडे, पण बोलतात आणि ठरवतात ते पंतप्रधान व मंत्रिमंडळ. १९६२ ची आणीबाणी २६ ऑक्टोबरला लागली आणि जानेवारी १९६८ पर्यंत चालली, म्हणजे १९६५ चं युद्ध त्याच आणीबाणीखाली लढलं गेलं. १९७८ च्या ४४ व्या घटनादुरुस्तीनंतर अनुच्छेद १९ (भाषण व अभिव्यक्तीचं स्वातंत्र्य देणारा) आपोआप स्थगित होतो तो फक्त युद्ध किंवा परकीय आक्रमणाच्या कारणाने आणीबाणी लागली तरच. १९९९ च्या कारगिलमध्ये आणीबाणी जाहीरच झाली नाही, त्यामुळे वृत्तपत्रांचं स्वातंत्र्य कायद्याने होतं तेवढंच होतं. केबल टीव्हीच्या नियमांत दहशतवादविरोधी कारवाई चालू असताना थेट प्रक्षेपणाला बंदी आहे, ती संपेपर्यंत नेमलेल्या अधिकाऱ्याने वेळोवेळी दिलेल्या माहितीपुरतंच वार्तांकन करता येतं. हा नियम वाहिन्यांसाठी आहे. वृत्तपत्राच्या छापील बातमीवर तो लावून कोणी दटावत असेल तर नियम वाचून दाखवायला सांगावं.

धंतोलीकर

ताई, "सुसंगत" आणि "अनुसार" हा फरक मी स्वतः आजवर कधी शिकवला नव्हता, तो आता पहिल्या फळ्यावर येणार. सगळ्यांचे आभार.

एक राहिलं. मुलं विचारतीलच की मग सगळंच छापायचं का? सैनिकाच्या जिवाशी खेळ होतो तिथे रेषा कुठे?

शेवटची_आवृत्ती

रेषा बरीच स्पष्ट आहे आणि ती न्यायालयानेच आखून दिली आहे. १९३१ च्या निअर खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने छपाईपूर्व बंदी नाकारली, पण अपवाद सांगितले: सैन्याची जहाजं निघण्याच्या तारखा, सैनिकांची संख्या आणि ठिकाण. ३० जून १९७१ ला पेंटॅगॉन पेपर्सचा, म्हणजे व्हिएतनामबद्दलच्या गुप्त सरकारी कागदांचा, निकाल सहा विरुद्ध तीन असा वृत्तपत्रांच्या बाजूने लागला तो याच चौकटीत. ते कागद निर्णय कसे झाले त्याबद्दलचे आणि १९६८ पर्यंतचे होते. पुढच्या हालचाली त्यात नव्हत्या.

उलट उदाहरण ७ जून १९४२ च्या शिकागो ट्रिब्यूनचं. मिडवेच्या लढाईनंतर त्यांनी छापलं की जपानी ताफ्याचा बेत अमेरिकी नौदलाला आधीच कळला होता, आणि ताफ्यातल्या जहाजांचा तपशीलही दिला. त्यात ना भविष्यातली तारीख होती, ना आपल्या सैन्याचं ठिकाण. पण चाणाक्ष शत्रूला त्यावरून कळू शकलं असतं की जपानी सांकेतिक भाषा अमेरिकेने फोडली आहे. सरकारने प्रकरण ग्रँड ज्युरीपुढे (आरोप ठेवायचे का ते ठरवणाऱ्या नागरिकांच्या मंडळापुढे) नेलं, पण खटला उभा करायचा तर तेच गुपित उघड करावं लागलं असतं. नौदलाने पुरावा दिला नाही आणि ऑगस्टमध्ये आरोपपत्र नाकारलं गेलं.

यावरून मुलांना दोन कसोट्या द्या. या माहितीवरून शत्रूला पुढची हालचाल कळेल का? आणि आपल्याला ती कशी कळली हे त्याला कळेल का? दोन्हींची उत्तरं "नाही" असतील तर केवळ सरकारची अडचण होते म्हणून बातमी रोखायची नाही. एकाचं जरी "हो" असेल तर तेवढा तपशील काढा, बातमी ठेवा. केनेडी यांनी एप्रिल १९६१ मध्ये, क्यूबावरची मोहीम फसल्यावर आठवडाभराने, संपादकांना राष्ट्रहिताचा प्रश्न स्वतःला विचारा म्हणून आवाहन केलं. त्याआधी न्यूयॉर्क टाइम्सने त्या मोहिमेच्या तयारीची बातमी बरीच मवाळ करून छापली होती. पुढे केनेडींनीच त्यांच्या संपादकाला म्हटलं की तुम्ही जास्त छापलं असतं तर आम्ही एका मोठ्या चुकीतून वाचलो असतो.

वेळेचं म्हणाल तर ४० मिनिटांतली पहिली आठ फक्त वाचायला आणि रंग लावायला ठेवा, तोवर कोणालाही लिहू देऊ नका. मथळा शेवटच्या पाच मिनिटांत. आणि ट्रूमन यांच्या प्रश्नोत्तरांची प्रत देताना प्रश्न गाळलेली प्रत चुकूनही देऊ नका, नाहीतर "सक्रिय विचार" कोणाचा हे कोणालाच शोधता येणार नाही.